चेस इंजिनसाठी ओपनिंग बुक कसं बनवायचं आणि हरल्यावर त्याला शिकवायचं कसं

१ जून ते ३१ जुलै आमच्याकडे कोकणात मासेमारी बंद असते, त्यामुळे देवबागचा मामा हे दोन महिने घरीच असतो. होडी वर ओढून झावळांनी झाकलेली, जाळी शिवून झालेली, मग दुपारी जेवण झालं की माझ्या लॅपटॉपसमोर येऊन बसतो आणि मी लिहिलेल्या चेस इंजिनशी, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमशी, डाव मांडतो. पांढरी मोहरी घेतो आणि रोज तेच खेळतो. ई४, घोडा एफ३, उंट सी४, घोडा जी५, आणि सहाव्या चालीला तोच घोडा एफ७ च्या प्याद्यावर मारून देतो. इंजिन घोडा खातं, वजीर एफ३ ला येऊन शह देतो, काळा राजा बोर्डाच्या मध्यात ओढला जातो आणि पंचवीस चालींच्या आत डाव संपतो. तिसऱ्या दिवशी मामा म्हणाला, "काय रे, तुजो कॉम्प्युटर रोज त्याच खड्ड्यात कसो पडता?"

प्रश्न बरोबर होता आणि उत्तर इंजिनमध्ये नव्हतं, मी बनवलेल्या ओपनिंग बुकमध्ये होतं, म्हणजे सुरुवातीच्या कुठल्या पोझिशनला कोणती चाल खेळायची ते इंजिनला सांगणाऱ्या नोंदवहीत. पाचव्या चालीला पांढऱ्याने डी५ वर प्यादं मारलं की काळ्याने घोड्याने ते परत मारायचं असं बुक सांगत होतं, कारण मी न गाळता घेतलेल्या ऑनलाइन डावांत बहुतेक लोक तेच करतात. जाणकार तिथे घोडा ए५ खेळून सी४ च्या उंटावर हल्ला करतात. इंजिनला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि हरल्यावर लक्षात ठेवायची सोयही मी दिली नव्हती. ती सोय कशी करायची ते इथे पहिल्यापासून लिहितोय, कारण मला हे तुकड्या-तुकड्यांत गोळा करायला दोन पावसाळे लागले.

बुक लागतंच कशाला

पहिल्या चालीला पांढऱ्याकडे २० चाली असतात. दोघांची एकेक चाल झाली की ४०० शक्यता, तिसऱ्या अर्ध्या चालीनंतर (एका बाजूची एक खेळी म्हणजे अर्धी चाल) ८,९०२ आणि चौथ्यानंतर १,९७,२८१. सुरुवातीला मारामारी काहीच नसते, सगळ्या चाली सारख्याच दिसतात, आणि एका चालीचा तोटा पंधरा चालींनी कळतो, तेवढं खोल छोट्या इंजिनला दिसत नाही. वर वेळ जातो ते वेगळंच. आणि बुक नसेल तर इंजिन जवळजवळ प्रत्येक वेळी तोच डाव खेळतं, समोरच्याने एकदा जिंकायची वाट शोधली की झालं.

१९९७ मध्ये जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवणाऱ्या डीप ब्ल्यू या कॉम्प्युटरचं मुख्य बुक फक्त साधारण ४,००० पोझिशन्सचं होतं आणि ते ग्रँडमास्टर जोएल बेंजामिन आणि त्यांच्या साथीदारांनी हाताने बनवलं होतं. त्याच्या जोडीला ७ लाख डावांमधून काढलेली आकडेवारी होती, ती इंजिनला फक्त इकडे-तिकडे ढकलायची, चाल ठरवायची नाही. म्हणजे बुक मोठं असण्यापेक्षा विचार करून बनवलेलं असणं महत्त्वाचं, हे मी लाखभर पोझिशन्सचं कचरा बुक बनवून झाल्यावर शिकलो.

डाव कुठून आणायचे आणि काय गाळायचं

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या. लर्निंगचा भाग वाचायची घाई असेल तरी हे वगळू नका, मामाच्या सापळ्याचं मूळ इथेच होतं.

डाव पीजीएन नावाच्या साध्या टेक्स्ट फॉरमॅटमध्ये मिळतात. दोन फुकट सोर्स आहेत. एक म्हणजे लिचेस या फुकट ऑनलाइन चेस साइटचा दर महिन्याचा डेटाबेस, पण त्याची एकेक फाइल कित्येक जीबीची असते आणि पावसात आमच्याकडे रेंज अशी जाते-येते की ती पूर्ण उतरवणं म्हणजे आठवड्याचं काम. दुसरा म्हणजे मार्क क्रोथर १९९४ पासून चालवतात ते द वीक इन चेस, दर आठवड्याला एक लहानशी झिप, मोठ्या स्पर्धांचे डाव. मी दुसरा घेतो. शंभर-दोनशे आठवड्यांच्या फाइली एकत्र केल्या की सुरुवातीला भरपूर होतात.

आता गाळणी. दोन्ही खेळाडूंचं रेटिंग २४०० च्या वर असलेलेच डाव ठेवा, एकाचंच बघू नका, कारण २६०० वाला १९०० वाल्याला कशीही ओपनिंग खेळून हरवतो आणि ती वाईट चाल तुमच्या बुकमध्ये जिंकणारी म्हणून नोंदली जाते. स्पर्धेच्या नावात ब्लिट्झ किंवा रॅपिड असेल तो डाव सोडा. सुरुवातीची पोझिशन वेगळी दिलेली असेल (चेस ९६० वगैरे) तो सोडा. निकालाच्या जागी नुसती चांदणी असेल तो सोडा. पंधरा चालींच्या आत बरोबरी झालेले डाव मी काढतो, तिथे दोघांनी आधीच हात मिळवायचं ठरवलेलं असतं आणि त्यातून चालीबद्दल काही कळत नाही. आणि डुप्लिकेट काढायला विसरू नका, एकच डाव चार फाइलींत आला तर त्याचं वजन चौपट होतं, त्यासाठी खेळाडू, तारीख आणि पहिल्या तीसेक चाली जोडून तुलना केली की पुरतं.

हे सगळं पायथनमध्ये पायथन-चेस लायब्ररी वापरून पन्नास-साठ ओळींत होतं. तुमचं इंजिन सी++ मध्ये असलं तरी बुक बनवायचं टूल पायथनमध्ये लिहा, रात्री लावून ठेवायचं, स्पीडची गरज नाही.

पोझिशनची ओळख

बुक चालींच्या यादीवर बनवू नका, पोझिशनवर बनवा. डी४, घोडा एफ६, सी४, ई६, घोडा एफ३ असं खेळा किंवा घोडा एफ३, घोडा एफ६, सी४, ई६, डी४ असं खेळा, बोर्ड एकच होतो. चालींची यादी ठेवली तर या दोन वेगळ्या वाटा होतात, आकडे विभागले जातात, आणि समोरच्याने क्रम बदलला की इंजिन बुकच्या बाहेर.

त्यासाठी झोब्रिस्ट हॅशिंग, आल्बर्ट झोब्रिस्टने १९७० मध्ये मांडलेलं. बारा प्रकारची मोहरी गुणिले चौसष्ट घरं म्हणजे ७६८ रँडम ६४ बिटांचे आकडे, त्यात किल्लेकोटाच्या हक्कांचे ४, आं-पासांच्या (दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने मारायचा नियम) उभ्या रांगांचे ८ आणि कोणाची पाळी त्याचा १, एकूण ७८१. बोर्डावर जे जे आहे त्याचे आकडे एकमेकांशी एक्सऑर केले की पोझिशनचा हॅश नंबर तयार. तुमच्या इंजिनमध्ये ट्रान्सपोझिशन टेबलसाठी (आधी बघितलेल्या पोझिशन्सची आठवण) हे बहुतेक असेलच, पण बुकसाठी पॉलिग्लॉट या बुकच्या प्रचलित फॉरमॅटचेच ठरलेले ७८१ आकडे वापरा, म्हणजे तुमचं बुक दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून तपासता येतं आणि पायथन-चेसमध्ये ते आयते आहेत.

इथे एक जागा आहे जिथे नवीन माणूस हमखास अडकतो. वरच्याच उदाहरणाचा दुसरा क्रम बघा, शेवटची चाल डी४, प्यादं दोन घरं पुढे आलं. साधा प्रोग्रॅम लगेच डी रांगेचा आं-पासां आकडा हॅशमध्ये टाकतो. पहिल्या क्रमात शेवटची चाल घोड्याची, तिथे तो आकडा नाही. बोर्ड एकच पण हॅश दोन, म्हणजे पोझिशनवर बुक बनवून काही फायदाच झाला नाही. पॉलिग्लॉटचा नियम असा की शेजारच्या घरात समोरच्याचं प्यादं उभं असेल तरच तो आकडा टाकायचा. माझ्या बुकमध्ये क्वीन्स पॉनच्या (डी४ ने सुरू होणाऱ्या) अर्ध्या वाटा या एका चुकीमुळे तुटलेल्या होत्या. हे दोन क्रम खेळून दोन्ही हॅश सारखे येतात का ते आधी तपासा, मगच पुढे जा.

मोजणी

प्रत्येक डावाच्या पहिल्या २० ते २४ अर्ध्या चाली घ्या. प्रत्येक ठिकाणी पोझिशनचा हॅश आणि खेळलेली चाल या जोडीसाठी किती डाव, किती जिंकले, किती बरोबरीत, किती हरले हे मोजा, आणि जिंकणं म्हणजे ज्याची पाळी होती त्याचं जिंकणं, नेहमी पांढऱ्याचं नाही. ही उलटापालट झाली तर काळ्याच्या सगळ्या वाईट चाली चांगल्या ठरतात आणि बुक दिसायला एकदम व्यवस्थित दिसतं, म्हणून दहा-बारा ओळखीच्या पोझिशन्स हाताने बघून घ्याच.

वजनासाठी पॉलिग्लॉटचा हिशोब सरळ आहे, जिंकलेल्या डावाला २, बरोबरीला १. यात चाल किती खेळली गेली आणि किती यशस्वी झाली हे दोन्ही मिसळून येतं आणि सुरुवातीला ते पुरेसं आहे. नुसत्या टक्केवारीवर चाल निवडू नका. तीनपैकी तीन जिंकलेली चाल शंभर टक्के दिसते, हजारातून ५४० गुण मिळवलेली चाल ५४ टक्के, पण भरवसा कुणावर ठेवायचा ते सांगायची गरज नाही. म्हणून कमीत कमी डावांची अट ठेवा. मी चालीला निदान १० डाव आणि त्या पोझिशनमधल्या एकूण डावांच्या ५ टक्के हवेत असं ठेवलंय, बाकी चाली बुकमध्ये जात नाहीत. आणि लक्षात असू द्या की मोठ्या खेळाडूंच्या डावांत पांढऱ्याला सरासरी ५४-५५ टक्के गुण मिळतात, तेव्हा काळ्याची ४७ टक्क्यांची चाल चांगली आहे, ती खराब म्हणून कापू नका.

फाइल

पॉलिग्लॉट फॉरमॅट फाब्यां लेतूझे या फ्रूट इंजिनवाल्या प्रोग्रॅमरचा. एक नोंद १६ बाइट्सची, त्यात ८ बाइट्स हॅश, २ चाल, २ वजन, ४ लर्निंगसाठी. नोंदी हॅशच्या चढत्या क्रमाने, प्रत्येक आकड्याचा सगळ्यात मोठ्या किमतीचा बाइट आधी लिहायचा (बिग-एंडियन). एक लाख नोंदींची फाइल फक्त १६ लाख बाइट्सची होते आणि बायनरी सर्चने सतरा तुलनांत सापडते, म्हणजे मेमरीत उचलून ठेवायचीही गरज नाही. किल्लेकोट मात्र या फॉरमॅटमध्ये राजाने आपलाच हत्ती मारला असा लिहितात, ई१ वरून एच१, तो वाचताना बदलून घ्यावा लागतो, नाहीतर इंजिन बेकायदेशीर चाल खेळून डाव घालवतं.

लर्निंगसाठी दिलेले ४ बाइट्स मी वापरत नाही. मूळ बुक एकदा बनवलं की त्याला हात लावायचा नाही, शिकलेलं सगळं वेगळ्या फाइलीत. कारण लर्निंगमध्ये कधी ना कधी काहीतरी चुकतं आणि तेव्हा मागे जाता आलं पाहिजे. सुरुवातीला मी शिकलेलं एका टेक्स्ट फाइलीत लिहायचो, प्रत्येक डावानंतर पूर्ण फाइल नव्याने. आषाढातल्या एका रात्री वारा सुटला, वीज गेली, लॅपटॉपची बॅटरी आधीच मेलेली, आणि सकाळी बघतो तर फाइल शून्य बाइट्स, तीन आठवड्यांचं शिकलेलं गेलं. तेव्हापासून एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरतो, ते अर्धवट लिहिलेलं आपणहून मागे घेतं. साधी फाइलच ठेवायची असेल तर आधी वेगळ्या नावाने लिहा, डिस्कवर खरंच पोचलं याची खात्री करणारा कॉल द्या, आणि मग नाव बदलून जुन्याच्या जागी आणा. कोकणात राहून हे न करणं म्हणजे वादळात जाळं बाहेर सोडून झोपणं.

बुकमधून खेळताना

पोझिशनचा हॅश काढा, नोंदी शोधा, वजनाच्या प्रमाणात चिठ्ठी टाकून एक चाल निवडा. प्रत्येक वेळी सगळ्यात जड चालच खेळली तर विविधता गेली, आणि शिकायलाही काही उरत नाही. निवडलेली चाल कायदेशीर आहे का बघा, ती खेळून तिसऱ्यांदा तीच पोझिशन येत नाही ना हेही बघा. मी अजून एक करतो, निवडलेली चाल खेळून इंजिनला अर्धा सेकंद बघायला सांगतो आणि एखादा मोहरा सरळ मरत असेल तर ती चाल सोडतो. याने फाइल बिघडलेली असली तरी वाचतो. आणि युसीआय (इंजिन आणि बोर्ड दाखवणारा प्रोग्रॅम यांची बोलायची पद्धत) वापरत असाल तर त्या बोर्डवाल्या प्रोग्रॅमचं स्वतःचं बुक बंद करा, नाहीतर तुमचं बुक कधी वाचलंच जात नाही आणि तुम्ही आठवडाभर बग शोधत बसता.

आता लर्निंग

डाव संपला. निकाल हातात आहे. हरलो म्हणजे बुकची चाल वाईट? तसं नसतं. साठाव्या चालीला हत्तीच्या एंडगेममध्ये चूक केली तर त्यात पाचव्या चालीचा काय दोष. आणि निकालात नशिबाचा भाग फार असतो. एकाच चालीने वीस डाव खेळले तर मिळालेल्या टक्केवारीत सहज ९ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतात, शंभर डावांत ४ टक्के. एका पराभवावर चाल काढून टाकणारं बुक महिन्याभरात रिकामं होतं, माझं झालं होतं.

म्हणून दुसरा पुरावा घ्यायचा, इंजिनचं स्वतःचं मूल्यमापन (इव्हॅल्युएशन), म्हणजे आपण किती प्याद्यांएवढे वर किंवा मागे आहोत हे सांगणारा त्याचा आकडा. रॉबर्ट हायट यांनी क्राफ्टी या इंजिनमध्ये हे केलं, बुक संपल्यावर पुढच्या दहा चालींचे इव्हॅल्युएशन बघायचे. पहिल्या एका चालीचा आकडा का घ्यायचा नाही ते मामाच्या डावात स्वच्छ दिसतं. घोडा एफ७ वर आला, इंजिनने खाल्ला, इंजिन म्हणतं मी एक मोहरा वर आहे, अधिक १.८. पुढच्या चालींत तोच आकडा १.५, ०.९, ०.२, मग उणे ०.६, उणे १.४, उणे २.२, उणे २.८, उणे ३.१, उणे ३.५. पहिलाच आकडा घेतला असता तर इंजिन शिकलं असतं की ही चाल फारच छान आहे. दहांची सरासरी उणे ०.९२ येते आणि ती खरं सांगते.

हा आकडा ० ते १ मध्ये आणायचा म्हणजे निकालाबरोबर जोडता येतो. नेहमीचं सूत्र म्हणजे, प्याद्यांतला आकडा भागिले ४ करा, त्याचं चिन्ह बदला, १० चा तेवढा घात काढा, त्यात १ मिळवा आणि १ ला त्याने भागा. शून्याला ०.५ येतं, एक प्यादं वर असलं की ०.६४, दोन वर ०.७६. उणे ०.९२ ला ०.३७. हा ७० टक्के आणि निकाल ३० टक्के असं मी मिसळतो. मामाच्या डावात निकाल शून्य, म्हणून ०.३७ चे ७० टक्के म्हणजे ०.२६, हा त्या डावाचा धडा. याउलट बुकमधून अधिक ०.८ घेऊन बाहेर आलो आणि पुढे चुकून हरलो तर तो धडा ०.४३ येतो, म्हणजे बुकवर थोडाच ठपका. तरी निकाल पूर्ण सोडून देऊ नका, कारण काही पोझिशन्स इंजिनला कळतच नाहीत, किंग्ज इंडियन या ओपनिंगच्या बंद पोझिशन्समध्ये माझं इंजिन वीस चाली सगळं आलबेल सांगतं आणि मग मात होते. तिथे फक्त निकालच खरं बोलतो.

समोरचा फार तगडा असेल तर निकाल थोडा दुरुस्त करा. इलो सूत्राप्रमाणे (खेळाडूंचं रेटिंग ज्याने काढतात ते) २०० गुणांनी वरचढ प्रतिस्पर्ध्याविरुद्ध आपली अपेक्षा ०.२४ असते. निकालाऐवजी ०.५ अधिक निकाल उणे अपेक्षा घ्या, म्हणजे अशा कुणाशी हरलो तर शून्याऐवजी ०.२६ मोजलं जातं. मामाला रेटिंग नाही म्हणून तिथे सरळ निकाल.

ठपका कोणावर

हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि सगळ्यात कमी लोक नीट करतात. बुकमधल्या पाच चाली खेळलो, धडा वाईट आला, तर कोणत्या चालीचं वजन कमी करायचं? सगळ्यांचं सारखं केलं तर पहिली चाल ई५ च बदनाम होते, तिने काय केलंय.

शेवटच्या आपल्या बुक चालीपासून मागे या. हिस्सा १ ने सुरू करा. ज्या पोझिशनमध्ये बुकने एकापेक्षा जास्त चाली दिल्या होत्या, तिथे निवड आपली होती, म्हणून तिथली चाल आताच्या हिश्श्याने बदला आणि मागे जाताना हिस्सा अर्धा करा. जिथे एकच चाल होती तिथे निवडच नव्हती, हिस्सा तसाच पुढे न्या. मामाच्या डावात डी५ वर घोड्याने मारणं ही शेवटची चाल, पर्याय घोडा ए५ होता, म्हणून पूर्ण ठपका. त्याआधीची डी५ एकटीच होती, हिस्सा ०.५ तसाच. त्याआधी घोडा एफ६ ला उंट सी५ चा पर्याय होता, तिला ०.५. घोडा सी६ ला ०.२५, पहिल्या ई५ ला ०.१२५. हिस्सा ०.१ च्या खाली गेला की थांबा.

आता प्रत्येक चालीचं शिकलेलं मूल्य ०.५ वरून सुरू होतं, आणि दर डावाला धड्याच्या दिशेने फरकाच्या १० टक्के गुणिले हिस्सा एवढं सरकवायचं. पहिल्या डावानंतर आपली चुकीची चाल ०.५० वरून ०.४७६. तोच धडा पाच वेळा मिळाला की ०.४०, दहा वेळा मिळाला की ०.३४. खेळताना मूळ वजनाला (शिकलेलं मूल्य भागिले ०.५) च्या घनाने गुणा. पाच डावांनी वजन निम्म्यावर येतं, दहा डावांनी ०.३२ पट. समजा मूळ वजनं ६०० आणि ४०० होती, म्हणजे साठ टक्के वेळा चुकीची चाल. दहा धड्यांनंतर तिचं वजन १९५, आणि तोवर घोडा ए५ जर ०.५६ पर्यंत चढली असेल तर तिचं ५६२. चुकीची चाल आता सव्वीस टक्के वेळा येते आणि खाली जातच राहते.

घन का, चौरस का नाही, असं विचाराल तर करून बघितलंय, चौरसाने फार हळू हलतं आणि चौथ्या घाताने चार-पाच वाईट डावांतच चाल बाजूला पडते. १० टक्क्यांच्या जागी ३० ठेवलेत तर बुक शेवटच्या दोन डावांवर नाचत राहतं.

कितीही वाईट असली तरी वजन मूळच्या ५ टक्क्यांखाली जाऊ देऊ नका. शिकणाऱ्याने नाकारलेली वाट अधूनमधून परत बघायला हवी, तिच्याबद्दल आपण चुकीचं शिकलो असू तर दुसऱ्या कुठल्या मार्गाने ते कळणार नाही. महत्त्वाच्या मॅचसाठी वेगळा मोड ठेवा, त्यात ०.४ च्या खालच्या चाली बंद आणि शिकणंही बंद.

शिळं झालेलं शिकणं

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचे दांडे दर पावसाळ्यानंतर जागा बदलतात. मामा तीस वर्षं तांडेल आहे तरी ऑगस्टमध्ये पहिल्या दिवशी होडी हळू घालतो, म्हणतो, "औंदा वाळू खंय बसली ता बघल्याशिवाय जावचा नाय." इंजिनचं तसंच आहे. राजाच्या सुरक्षिततेचं मूल्यमापन सुधारलं की आधी हरत होतो ती पोझिशन आता जिंकूही शकतो, मग जुनं शिकलेलं खोटं ठरतं. प्रत्येक नोंदीबरोबर इंजिनचा व्हर्जन नंबर ठेवा, आणि इंजिनमध्ये मोठा बदल केला की सगळी मूल्यं ०.५ च्या दिशेने अर्धी सरकवा. पूर्ण पुसू नका, कारण खडक आहेत ते खडकच राहतात, एफ७ वरचा घोडा अजून तितकाच कडू आहे.

खरंच फायदा झाला का ते बघणं

दोन कॉप्या करा, एक शिकणारी आणि एक गोठवलेली, आणि क्यूटचेस या इंजिनांना आपसात खेळवणाऱ्या प्रोग्रॅमने डाव लावा. १० सेकंद अधिक चालीला ०.१ सेकंद ठेवलं तर हजार डाव साधारण एका रात्रीत होतात. शंभर डावांवर निष्कर्ष काढू नका, तिथे इलोमध्ये ५५ गुण वर-खाली नुसत्या नशिबाने होतात, हजारात १८-२०. क्यूटचेसला सुरुवातीच्या पोझिशन्सची फाइल देऊ नका, ती बाकी टेस्टसाठी चांगली पण इथे तिने तुमचं बुकच वगळलं जातं.

फक्त स्वतःशी खेळवून शिकवू नका. दोन्ही बाजूंना तेच आंधळेपण असतं, त्यामुळे माझं इंजिन स्वतःशी पाचशे डाव खेळलं तरी एफ७ वर घोडा कोणी मारला नाही, कारण मारणाऱ्या बाजूलाही वाटायचं की मोहरा फुकट जातोय. तीन-चार वेगवेगळ्या फुकट इंजिनांशी खेळवा, आणि जवळ माणूस असेल तर त्याच्याशी. उलट इंजिनचा कोड टेस्ट करताना लर्निंग बंद ठेवा, नाहीतर सुधारणा कोडमुळे झाली की बुकमुळे ते कळत नाही.

बुक वाढवायचं असेल तर समोरचा कुठे बुकच्या बाहेर गेला त्या पोझिशन्स नोंदवत जा. एकाच जागी तीनदा तसं झालं की ती पोझिशन रात्री इंजिनला दहा मिनिटं बघायला द्या आणि आलेली चाल कमी वजनाने बुकमध्ये घाला, पुढचं लर्निंग बघून घेईल.

यंदा जूनमध्ये मामा परत बसला. ई४, घोडा एफ३, उंट सी४, घोडा जी५. पाचव्या चालीला इंजिनने घोडा ए५ ला नेला. मामा बराच वेळ बोर्डाकडे बघत राहिला, मग उंट बी५ ला नेऊन शह दिला. बुकमध्ये तिथून पुढे फक्त दोनच चाली होत्या, त्या रात्री मी तीच पोझिशन इंजिनला दिली.